चीनहून होजिअरी कापड जहाजाने मागवायचंय: न्हावा शेवाला कागद कोणते, ड्यूटी नेमकी किती?

सोलापुरी_शिलाई

नमस्कार मंडळी. सोलापुरात आमचं शाळेच्या गणवेशांचं युनिट आहे. शर्ट-पँटचं कापड इथल्याच पेढ्यांवरून येतं, त्याची अडचण नाही. पण आता प्रत्येक शाळेला पीटीचा टी-शर्ट आणि ट्रॅक पँट हवी असते. ते कापड आम्ही दोन दलालांच्या हातून घेतो आणि दर खेपेला शेड बदलतो. एकाच शाळेची नेव्ही ब्लू तीन तऱ्हांची झाली की पालक आधी माझ्या नवऱ्याला फोन करतात, मग मुख्याध्यापकांना.

म्हणून थेट मागवायचं ठरवलंय. चीनमधल्या शाओशिंगजवळच्या कछियाओ कापड बाजारातला एक सप्लायर आहे. माल दोन प्रकारचा:

पहिलं, १०० टक्के पॉलिस्टर डाइड इंटरलॉक, २२० जीएसएम (चौरस मीटरला इतके ग्रॅम), ६० इंच पन्हा, २,००० किलो. भाव २.६० डॉलर किलो.
दुसरं, ९२ टक्के पॉलिस्टर, ८ टक्के स्पॅन्डेक्स, फोर-वे, ५०० किलो. भाव ५.२० डॉलर किलो.

दोन्ही भाव सीआयएफ न्हावा शेवा (जहाजाचं भाडं आणि विमा धरून), निंगबोहून एलसीएल (इतरांच्या मालाबरोबर एकाच कंटेनरमध्ये). ३० टक्के आगाऊ मागतोय. आयईसी (आयात-निर्यातीचा कोड) काढून झालाय, जीएसटी आहेच. फॉरवर्डर (माल पोचवणारा एजंट) म्हणतो, "ड्यूटी २० टक्के धरा, बाकी आमच्यावर सोडा." सप्लायर म्हणतो, "इन्व्हॉइस तुम्हाला हवं तसं करून देतो." या दुसऱ्या वाक्याने मला जरा धसका बसलाय.

कोणकोणते कागद लागतात, आणि २० टक्के हा आकडा बरोबर आहे का?

भिवंडी_माल

ताई, एवढ्याशा मालाला कशाला डोक्याला ताप करून घेता? डोअर टू डोअर आणा. किलोचा एक रेट ठरतो, माल थेट युनिटवर पडतो. आयईसी नको, सीएचए (कस्टम ब्रोकर) नको, बारा भानगडी नकोत. आमच्याकडे निम्मा बाजार असाच चालतो.

उरण_जीकार्ड

भिवंडीकर, निम्मा बाजार कसा चालतो ते मला सांगू नका, त्यातला पकडलेला भाग आमच्याच यार्डात उभा असतो.

ताई, मी न्हावा शेवाला एका कस्टम ब्रोकरकडे जी-कार्डवर (कस्टम्समधल्या कामाचं ओळखपत्र) काम करतो. कापडाच्या फायली बऱ्याच हातांखालून गेल्यात. आधी या किलो-रेटचं संपवतो. त्यात माल दुसऱ्याच कुणाच्या तरी आयईसीवर, दुसऱ्याच नावाच्या खेपेत मिसळून येतो. बिल ऑफ एंट्री (कस्टम्सला भरायचं आयातीचं विवरणपत्र) तुमच्या नावाची नसते. म्हणजे आयजीएसटीचं (आयातीवरचा जीएसटी) क्रेडिट नाही, बँकेला दाखवायला पुरावा नाही आणि उद्या कुणी विचारलं की हे परदेशी कापड तुमच्या गोदामात कसं, तर उत्तर नाही. शाळांना पक्कं बिल देणाऱ्या माणसाने त्या वाटेला जाऊ नये.

आता तुमच्या २० टक्क्यांकडे. कागदांची यादी कुठलाही सीएचए देईल. कापडाच्या बाबतीत त्याच्या आधी तीन गोष्टी ठरतात: मागावर विणलेलं (वोव्हन) की होजिअरीचं (निटेड), त्यात धागा कुठला, आणि वजन किती. या तिन्ही गोष्टी चीनमध्ये माल रोलवर गुंडाळतानाच पक्क्या होतात. इथे आल्यावर आम्ही फक्त हिशोब मांडतो.

तुमचं इंटरलॉक हे वेफ्ट निट. रंगवलेलं, सिंथेटिक, म्हणून टॅरिफचा कोड (ज्यावरून ड्यूटी ठरते) ६००६ ३२ ००. तेच ट्रायकॉट असतं तर वार्प निट होऊन ६००५ मध्ये गेलं असतं. दुसऱ्या कापडात स्पॅन्डेक्स ८ टक्के आहे. इलॅस्टोमेरिक धागा ५ टक्के किंवा जास्त असला (आणि पन्हा ३० सेंटिमीटरच्या वर) की ते ६००४ १० ०० मध्ये जातं. तुमचा सप्लायर दोन्हीवर एकच कोड टाकणार, पैज लावतो. त्याच्या सोयीचा कोड त्याच्याजवळ राहू दे, आपण आपल्या टॅरिफने जायचं. इन्व्हॉइसवर 'पॉलिस्टर फॅब्रिक' एवढंच लिहिलेलं चालवून घेऊ नका. निटेड, इंटरलॉक, डाइड, धाग्यांचे टक्के, जीएसएम, पन्हा, रोल किती, किलो किती, मीटर किती, हे सगळं प्रत्येक ओळीत पाहिजे.

ड्यूटी: २०२५ च्या अर्थसंकल्पात निटेड कापडाच्या नऊ टॅरिफ ओळींवरची बेसिक ड्यूटी बदलली. आता '२० टक्के किंवा किलोला ११५ रुपये, यांतलं जे जास्त असेल ते'. तुमचे दोन्ही कोड त्या नवांत आहेत. तुमच्या फॉरवर्डरने वाक्याचा पहिला अर्धाच वाचलेला दिसतो.

डॉलर ८५ रुपये धरू, हिशोब सोपा जावा म्हणून (खरा दर बिल ऑफ एंट्रीच्या तारखेला कस्टम्सने जाहीर केलेला असेल तो). २.६० डॉलर म्हणजे २२१ रुपये किलो. २० टक्के काढले तर ४४ रुपये २० पैसे. पण ११५ जास्त, म्हणून ११५ लागणार. म्हणजे बेसिक ड्यूटीच ५२ टक्के झाली. शिवाय तिच्यावर १० टक्के सोशल वेल्फेअर सरचार्ज, ११ रुपये ५० पैसे. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. २० टक्क्यांचा नियम लागायला कापड किलोला ५७५ रुपयांच्या वर असावं लागतं, त्याखाली सगळ्यांना ११५ च.

आणि एवढ्यावर भागत नाही. २.६० डॉलरने हा माल येऊच शकत नाही, ही खरी मेख आहे. मार्च २०२४ मध्ये डीजीएफटीने (परदेश व्यापार महासंचालनालय) सिंथेटिक निटेड कापडावर किमान आयात किंमत लावली, सीआयएफ किलोला ३.५० डॉलर. सुरुवातीला पाच कोड होते, ६००६ ३२ त्यांत होताच. नंतर मुदत वाढत गेली, यादीत आणखी कोड आले. ही अट चालू असेतोवर त्या किमतीखालचा माल मुक्त आयातीत बसत नाही. ॲडव्हान्स ऑथोरायझेशनवाले, ईओयू, सेझ (म्हणजे निर्यातीसाठी माल बनवणारे) यांना सवलत दिली होती, पण तुमचा माल सोलापुरातल्या शाळेत जाणार, तुम्हाला ती नाही. पैसे पाठवण्याच्या दिवशी डीजीएफटीच्या साइटवर ताजी अधिसूचना काढून दोन्ही कोड त्यात शोधा. फॉरवर्डरच्या तोंडी शब्दावर जाऊ नका.

आता कळलं ना सप्लायर 'हवं तसं इन्व्हॉइस' का म्हणतो ते? तो ३.५० चं बिल करणार, तुम्ही बँकेतून ३.५० पाठवणार आणि मधले ९० सेंट तो 'दुसरीकडून' परत देणार. किंवा कापड निटेड ऐवजी वोव्हन लिहून ५४०७ मध्ये घालणार. पहिल्यात फेमा (परकीय चलनाचा कायदा) गळ्याशी येतो. दुसरं तर हात दाखवून अवलक्षण आहे. तपासणीला अधिकारी रोलची कड कापतो, पिक ग्लासखाली धरतो. वोव्हनची कड उसवली की ताणा-बाण्याचे सरळ धागे सुटतात. निटेडमध्ये फास दिसतात, एकातून एक ओवलेले. ते बघायला कुठल्याही लॅबची गरज नसते, तुमचा कटिंग मास्टरही सांगेल. मग माल जप्तीला पात्र, दंड, आणि खोटा कागद दिला म्हणून कस्टम्स कायद्याचं कलम ११४ एए, ज्यात मालाच्या किमतीच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो. सप्लायर कछियाओत चहा पीत असतो तेव्हा. सही तुमची असते.

खरोखर ३.५० ने घेतलंत तर: किंमत २९७.५०, बेसिक ११५, सरचार्ज ११.५०, बेरीज ४२४. तिच्यावर ५ टक्के आयजीएसटी २१.२०. २,००० किलोला कस्टम्समध्ये भरायचे २,९५,४००. त्यातले ४२,४०० आयजीएसटीचे, ते क्रेडिटला मिळतात. उरलेले २,५३,००० कापडाच्या किमतीत गेले. वर सीएफएस (बंदराजवळचं कंटेनर गोदाम), कन्सोलिडेटर (अनेकांचा माल एका कंटेनरमध्ये भरणारा), सीएचए, सोलापूरपर्यंत ट्रक. ४२४ च्या वर जे काही पडेल त्या भावात लुधियाना किंवा सुरतेची मिल तुम्हाला एकाच लॉटचा रंग देते का, हे आधी विचारा. मला वाटतं देईल. तुमचं दुखणं शेडचं आहे, देशाचं नाही.

फोर-वेचं गणित वेगळं. ५.२० म्हणजे ४४२ रुपये. तिथेही ११५ च लागणार, पण टक्क्यात ते २६ पडतात. बेसिक आणि सरचार्ज धरून ५६८.५०, आयजीएसटी वेगळा. हे कापड इथे मनासारखं मिळत नसेल तर मागवण्यात अर्थ आहे.

वजनाचं एक. ड्यूटी किलोवर आहे म्हणजे पॅकिंग लिस्ट रोलनिहाय पाहिजे, नेट आणि ग्रॉस वेगळं. ५० मीटरचा रोल, ६० इंच पन्हा, २२० जीएसएम, तर कापडाचं वजन पावणेसतरा किलोच्या आसपास यायला हवं. लिस्टवर साडेचौदा लिहिलं असेल तर एकतर मीटर खोटे, नाहीतर जीएसएम. तुमच्याकडे जीएसएम कटर असेलच. सॅम्पलचा गोल तुकडा कापा, ग्रॅममधलं वजन गुणिले १००. हे आगाऊ रक्कम पाठवण्याआधी करायचं.

कागदांचं थोडक्यात: कमर्शियल इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बिल ऑफ लेडिंग, विमा, सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन, ॲझो डायचा रिपोर्ट. तुमच्याकडून आयईसी, जीएसटी, बँकेचा १४ आकडी एडी कोड, सीएचएला अधिकारपत्र आणि केवायसी. सगळं ई-संचितवर (कस्टम्सची कागद अपलोड करायची सोय) चढतं. एलसीएलमध्ये तुम्हाला हाउस बीएल (फॉरवर्डरने दिलेलं बिल ऑफ लेडिंग) मिळेल, त्यावर तुमचं नाव, पत्ता, आयईसी, जीएसटीआयएन अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे. छापायच्या आधी ड्राफ्ट मागवा. जहाज सुटल्यावर दुरुस्ती म्हणजे पैसे आणि वेळ दोन्ही.

बिल ऑफ एंट्री जहाज येण्याच्या आदल्या दिवसापर्यंत भरावी लागते, सुट्टी असली तरी. उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज ५,०००, पुढे रोज १०,०००. आगाऊ भरायला ३० दिवस आधीपासून मुभा आहे. म्हणून जहाज निघाल्याबरोबर सीएचएकडे सगळे कागद पोचलेले हवेत. "ओरिजिनल बीएल कुरिअरमध्ये आहे" हे वाक्य मी दर आठवड्याला ऐकतो. पूर्ण पैसे दिल्यावर टेलेक्स रिलीज मागा, म्हणजे ओरिजिनल बीएलशिवाय माल सुटतो.

लेसवाली_पुणे

उरणकरांनी ॲझोचं एका शब्दात उरकलं, मला तिथेच फटका बसला होता म्हणून सविस्तर लिहिते.

काही ॲझो रंगांवर पर्यावरण संरक्षण कायद्याखाली बंदी आहे. बाहेरून येणाऱ्या कापडासोबत, ते रंग यात नाहीत असं निर्यातदार देशातल्या मान्यताप्राप्त लॅबचं प्री-शिपमेंट सर्टिफिकेट लागतं. ते नसेल तर इथे नमुना काढून तपासू शकतात. सप्लायरने मला चकचकीत पीडीएफ पाठवलं होतं. नाव मोठ्या लॅबचं, शिक्का, सही, सगळं. पण रिपोर्टवर लिहिलेलं कापड नायलॉन आणि माझी लेस पॉलिस्टर! वर अर्जदार म्हणून तिसऱ्याच कंपनीचं नाव. तो एकच रिपोर्ट तो सगळ्यांना चिकटवत होता.

मग नमुना टेक्स्टाइल कमिटीच्या लॅबला गेला. रिपोर्ट स्वच्छ आला, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण तोपर्यंत सीएफएसचं भाडं चालूच. एलसीएलमधला माझा एक कोपरा माल, आणि बिल बघून वाटलं आख्खा कंटेनर माझाच आहे.

एक फायदा मात्र झाला. आयातदार, सप्लायर, देश आणि कापडाची प्रत तीच असेल तर तो रिपोर्ट सहा महिने चालतो. पुढची खेप मी मुद्दाम त्या मुदतीत बसवली.

ताई, रिपोर्ट मागताना त्यावर तुमचा इन्व्हॉइस नंबर किंवा निदान कापडाचं तेच वर्णन आणि शेड येऊ दे. नेव्ही आणि मरून असे गडद रंग असतील तर ते दोन्ही रंग तपासलेले आहेत का बघा. पांढऱ्या तुकड्याचा रिपोर्ट काय कामाचा?

इचल_ट्रेडर

उरणकरांचं म्हणणं रास्त. मी भर एवढीच घालतो की ताईंनी कापडाऐवजी तयार ट्रॅक पँटचाही विचार केला असेल तर बांगलादेशाचा पर्याय लोक सांगतील, साफ्ता (दक्षिण आशियाई मुक्त व्यापार) करारात ड्यूटीची सवलत मिळते म्हणून. पण मे २०२५ पासून तिथले तयार कपडे जमिनीच्या रस्त्याने येत नाहीत, फक्त न्हावा शेवा आणि कोलकाता बंदरातून. शिवाय करारातली सवलत मागितली की २०२० चे कॅरोटार नियम लागतात. नुसतं ओरिजिन सर्टिफिकेट जोडून भागत नाही, माल तिथेच कसा बनला याची माहिती आयातदाराने स्वतःजवळ ठेवायची. सोलापुरात शिलाईवर पोट असणाऱ्यांनी तयार माल आणावा का, हा वेगळा वाद. मी तरी आणणार नाही.

सोलापुरी_शिलाई

काका, ताई, दादा, सगळ्यांचे आभार. रात्री नवऱ्याबरोबर बसून पुन्हा गणित केलं. इंटरलॉक रद्द. लुधियानाच्या दोन मिलना नेव्ही आणि बॉटल ग्रीनचे लॅब डिप (रंगाचे नमुना तुकडे) पाठवायला सांगितलेत. फोर-वेचे ५०० किलो मात्र मागवणार, आधी दोन्ही अधिसूचना तपासून.

सप्लायरला रोलनिहाय पॅकिंग लिस्ट मागितली तर म्हणतो, माल भरल्यावर देतो. आणि पहिलीच खेप असल्याने आमचा माल उघडून बघतीलच का? बघितला तर सोलापूरहून कुणी यायला लागतं का?

उरण_जीकार्ड

पॅकिंग लिस्ट रोल तयार झाल्यावरच बनते, त्यात तो खोटं बोलत नाही. फक्त उरलेले ७० टक्के द्यायच्या आधी ती हातात पाहिजे, असं प्रोफॉर्मा इन्व्हॉइसवर (आगाऊ बिल) लिहून घ्या. त्याचबरोबर प्रत्येक रोलच्या टोकाला स्टिकर: रोल नंबर, लॉट, मीटर, नेट किलो. लिस्टवरचा नंबर आणि रोलवरचा नंबर जुळला की तपासणी पटकन उरकते. नाहीतर माथाडी कामगार सगळे रोल खाली काढतात, एकेक काट्यावर चढतो, आणि ती हमाली तुमच्या बिलात येते.

उघडायचं की नाही ते कॉम्प्युटर ठरवतो, रिस्क मॅनेजमेंटमधून. नवीन आयईसी आणि त्यात कापड, त्यामुळे तपासणी होणार असं धरूनच चाला. फाइल तपासणारा अधिकारी आता दुसऱ्या शहरातही बसलेला असू शकतो, तो प्रश्न ऑनलाइन टाकतो. उत्तरात कापडाचं तांत्रिक वर्णन द्यावं लागतं, तेव्हा सप्लायरकडून स्पेसिफिकेशन शीट आत्ताच घेऊन ठेवा. त्यात स्पॅन्डेक्सचा टक्का स्वच्छ लिहिलेला असू दे, कारण तुमचा कोड त्याच्यावर उभा आहे. लॅबमध्ये ८ च्या जागी ४ निघाला तर कोड बदलतो आणि वाद सुरू.

सोलापूरहून यायची गरज नाही, आमच्यासारखी कार्डवाली माणसं तेवढ्यासाठीच असतात. फक्त त्या दिवशी फोन उचला. आणि ड्यूटीची रक्कम खात्यात तयार ठेवा. असेसमेंट झाली की भरायला एक दिवस मिळतो, मग १५ टक्क्यांनी व्याज. शनिवार-रविवारच्या तोंडावर चलन निघालं आणि मालक लग्नाला गेलेत, हे आमच्याकडे फार होतं.

बाकी एलसीएलच्या इथल्या खर्चाचा दर फॉरवर्डरकडून सीबीएमप्रमाणे (घनमीटरला), ओळीओळीने, ईमेलवर मागा. डिलिव्हरी ऑर्डरचे किती, डीस्टफिंगचे (कंटेनर रिकामा करायचे) किती, कन्सोलिडेटरचे किती. तिकडचं भाडं स्वस्त दाखवून इथे वसूल करायची जुनी रीत आहे. ईमेलवर द्यायला कां-कूं करत असेल तर दुसरा फॉरवर्डर बघा, निंगबोहून न्हावा शेवाला माल आणणारे पुष्कळ आहेत.

सोलापुरी_शिलाई

ईमेल टाकला. सकाळी फोनवर त्याने 'सगळं मिळून' एक आकडा सांगितला होता, ईमेलच्या उत्तरात सात ओळी आल्यात आणि बेरीज त्या आकड्यापेक्षा जास्त आहे. दुसऱ्या दोघांकडूनही मागवते.